सतरा नंबरचे उघडे दार

मित्रांनो, माझी उंची साडेपाच फूट, रुंदी सव्वा फूट, रंग करडा आणि नंबर सतरा. मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतला जुना लोखंडी लॉकर आहे. लॉकरचे आयुष्य तसे साधे असते. सकाळी कोणीतरी येते, घरचे कपडे माझ्या पोटात ठेवते, कामाचे कपडे अंगावर चढवते आणि संध्याकाळी हेच उलट करून निघून जाते. तरीही माझ्या आयुष्यात सांगण्यासारखे काही घडले. जे मी पाहिले तेवढेच सांगणार आहे. जे पाहिले नाही, तिथे तसे स्पष्ट सांगेन.

एका कारखान्यात पत्रा कापून, वाकवून, वेल्डिंगचे टाके मारून मला उभे केले. भट्टीत माझा रंग भाजला. दाराच्या वरच्या बाजूला हवेसाठी सहा आडव्या फटी पाडल्या. आम्ही चोवीस भाऊ एकाच ट्रकमधून आलो आणि लॉन्ड्रीच्या लांब भिंतीला पाठ लावून ओळीने उभे राहिलो.

या लॉन्ड्रीत अकरा वॉर्डांचे कपडे येतात. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे, लहान मुलांची दुपटी. एका टोकाला धुण्याचे मोठे ड्रम फिरतात, मधे इस्त्रीचा लांबलचक तापलेला रोलर आहे, दुसऱ्या टोकाला घड्या घालण्याची टेबले. भिंतीपलीकडे बॉयलर. सगळे वाफेवर चालते, त्यामुळे दिवसभर हवेत इतका ओलावा असतो की भिंतीवरून बोट फिरवले तर थेंब ओघळतो. म्हणून तिथे एक जुनी रीत होती. काम चालू असताना लॉकरची दारे सताड उघडी ठेवायची. दार उघडे असले की आतले कपडे कोरडे राहतात. बंद केले की तासाभरात आत दमट कोंडते, कपड्यांना कुबट वास लागतो आणि आम्हाला गंज चढतो.

माझ्या पहिल्या मालकाला ही रीत मान्य नव्हती. तो कपडे धुणारा होता आणि त्याला वाटे की आपले डोके फुटले तरी चालेल, पण आपला लॉकर कोणाला दिसता कामा नये. एकदा ओले बूट आत ठेवून तो तीन दिवसांच्या रजेवर गेला. माझ्या डाव्या खालच्या कोपऱ्याला तेव्हा जो गंज लागला, तो आजतागायत आहे. त्याची बदली झाली आणि मी काही महिने रिकामा राहिलो. कोणीतरी आत तुटके झाडू ठेवले.

मग ती आली. तिला रोलरवर नेमले होते, म्हणून सगळे तिला रोलरताई म्हणू लागले. तिने झाडू बाहेर काढले, मला आतून बाहेरून पुसले, बिजागऱ्यांना तेल घातले. दुसऱ्या दिवशी तिने पिशवीतून तळहाताएवढा लाकडी क्रूस काढला. तो तिच्या वडिलांनी केलेला होता. ते सुतार होते. एकही खिळा न वापरता दोन पट्ट्या एकमेकींत बसवल्या होत्या. तिने तो माझ्या दाराच्या आतल्या बाजूला दोन स्क्रूंनी पक्का केला. दुखले नाही असे मी म्हणणार नाही.

दार उघडे ठेवायची रीत असल्यामुळे तो क्रूस दिवसभर सगळ्यांना दिसे. आणि रोज सकाळी कामाला लागण्यापूर्वी रोलरताई माझ्यासमोर उभी राहून प्रार्थना करी. ओरडून नाही, पण शेजारच्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात. "प्रभू येशू, आज ज्यांच्या चादरी माझ्या हातांखालून जातील त्यांना सांभाळ. त्यांना माझं नाव माहीत नाही, मला त्यांचं नाही. तुला दोन्ही माहीत आहेत." एवढेच. मग ती बाह्या वर करून रोलरकडे जाई.

टिंगल पहिल्याच आठवड्यात सुरू झाली. घड्या घालणारी एक बाई होती, जिला सगळे फिरकी म्हणत, कारण दिवसातून एकदा तरी कोणाची तरी फिरकी घेतल्याशिवाय तिला जेवण जात नसे. ती म्हणाली, "पाद्रीणबाई आल्या. चला गं, सरळ उभ्या राहा." बॉयलर सांभाळणारे बॉयलरकाका देवाच्या नावानेच तापत. ते म्हणाले, "ताई, देव असता तर त्यानं वाफ फुकट दिली असती. मला इथे घाम गाळायला कशाला ठेवलं असतं?" रोलरताई हसून म्हणाली, "काका, तुम्हाला त्यानंच ठेवलं असेल तर?" काका गुरगुरत बॉयलरकडे गेले. एकोणीस वर्षे हे असेच चालले. टोमणे येत, ती हसे, क्रूस दिसत राही. मला वाटले होते, आमचे सगळे आयुष्य असेच जाईल.

विसाव्या वर्षी दोन गोष्टी एकदम घडल्या. रोलरताईचे उजवे मनगट सुजले. तापलेल्या रोलरमध्ये ओली चादर ताणून घालायची म्हणजे दिवसाला हजार वेळा मनगट मुरडते. डॉक्टरांनी तिला सांगितले की हात वाचवायचा असेल तर रोलर सोडा. त्याच सुमारास लॉन्ड्रीचे जुने मुकादम निवृत्त व्हायचे होते. मुकादमाला रोलरवर उभे राहावे लागत नाही. कोणती ट्रॉली कोणत्या वॉर्डची, कोणते कपडे संसर्गाच्या वॉर्डातले आणि ते नीट उकळून निघाले की नाही, हे पाहून त्याने चिठ्ठीवर सही करायची. नोकरीच्या वर्षांप्रमाणे पुढचा नंबर रोलरताईचा होता. मुकादम झाली तर हात वाचणार होता. नाही झाली तर तिला लॉन्ड्रीच सोडावी लागणार होती, कारण त्या हाताला झेपेल असे दुसरे काम तिथे नव्हते.

आणि तेव्हाच तिच्याविरुद्ध एक अर्ज गेला. "कामाच्या जागी धर्माचे प्रदर्शन करणारी व्यक्ती मुकादम नको." खाली पाच सह्या होत्या. पहिली बॉयलरकाकांची, दुसरी फिरकीची, बाकी तीन घड्यावाल्यांच्या. हॉस्पिटलच्या नियमाप्रमाणे अशा अर्जावर किमान तीन सह्या लागत.

मॅनेजरसाहेब वाईट नव्हते. त्यांना कटकट नको होती, एवढेच. रोलरताईला क्रूस काढ म्हणणे त्यांना बरे वाटेना. म्हणून त्यांनी सगळ्यांसाठीच नोटीस लावली: कामाच्या वेळेत सर्व लॉकरची दारे बंद ठेवावीत. दार बंद झाले की क्रूस दिसणार नाही आणि कोणाला काही बोलावेही लागणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. लॉन्ड्रीत दारे का उघडी ठेवतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांचे ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होते.

तीन दिवसांत आम्हा चोवीसही जणांची दैना झाली. कुबट वास सुटला, चपलांवर पांढरी बुरशी धरली. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बायकांनी रोलरताईला गराडा घातला.

"हे मोजे बघ," एक घड्यावाली म्हणाली. "पिळले तर पेलाभर पाणी निघेल. तुझ्या एकटीपायी."

"अगं, काढ ना तो," फिरकी म्हणाली. "देव काय दारावरच राहतो का? मनात ठेव."

"मनात आहेच," रोलरताई म्हणाली. "पण मनातलं लपवायला लागलं की ते मनातही आकसत जातं. मी माझ्या मामाचं पाहिलंय. आधी घराबाहेर येशूचं नाव घेणं सोडलं, मग घरात सोडलं. शेवटी त्यांना आठवेना की सोडलं कधी."

"झालं, प्रवचन सुरू."

"प्रवचन नाही गं. पण तुमचे मोजे ओले का राहावेत? ते मात्र तुझं बरोबर आहे."

त्याच दुपारी मॅनेजरसाहेब खाली आले होते. रोलरताई सरळ त्यांच्यापुढे गेली. "साहेब, बाकीची दारं उघडू द्या. त्यांचा काही दोष नाही. माझा लॉकर हवा तर ओळीतून बाहेर काढा, कुठेही ठेवा. पण तो उघडाच राहील."

साहेबांनी थोडा विचार केला. "मागच्या पॅसेजमध्ये ठेवा," ते म्हणाले. "तिकडे कोण बघतंय."

बाकीची दारे पुन्हा उघडली आणि दोन कामगारांनी मला ओढत नेले. माझे पाय फरशीवर करकरले. ओळीत पडलेल्या दातासारखी मोकळी जागा राहिली आणि तेवीस भाऊ माझ्याकडे पाहत राहिले. मी तेव्हा खचलो होतो, हे कबूल करतो.

पण साहेबांनी आणखी एक गोष्ट कधी पाहिली नव्हती. मागच्या पॅसेजमधून सकाळी आठ वाजता अकराही वॉर्डांच्या ट्रॉल्या येतात. मळके कपडे उतरतात, धुतलेले चढतात. वॉर्डबॉय, आया, कधी नर्सही, अशी तीस-चाळीस माणसे तिथे रोज रांगेत उभी राहतात. मला लपवायला नेले आणि चव्हाट्यावर आणून ठेवले.

रोलरताई दुसऱ्या दिवशी वेळेवर आली. समोर रांग उभी होती. इतक्या अनोळखी लोकांसमोर तिने कधी प्रार्थना केली नव्हती. मग तिने माझे दार सताड उघडले, मान खाली घातली आणि रोजचेच शब्द रोजच्याच आवाजात म्हटले. रांगेत कोणीतरी खोकले. कोणीतरी हसले. ट्रॉल्या पुढे सरकल्या.

चौथ्या दिवशी मुलांच्या वॉर्डची एक आया तिच्याजवळ आली. "तुम्ही चादरींसाठी मागता ना काहीतरी?"

"चादरीवर झोपणाऱ्यांसाठी."

"आमच्याकडे एक पोरगी आहे. आठवडा झाला, काही खात नाही. तिच्यासाठी म्हणाल?"

"म्हणेन की. नाव काय तिचं?"

"नाव बाहेर सांगायचं नाही, असा नियम आहे. बेड नंबर बारा."

रोलरताईने ट्रॉलीच्या कार्डाचा एक तुकडा फाडला, त्यावर मुलांचा वॉर्ड, बेड बारा असे लिहिले आणि तो माझ्या दाराच्या फटीत खोचला. पुढच्या सकाळी तिने आपल्या प्रार्थनेत बेड बारा जोडला. पाच दिवसांनी ती आया लांबूनच हात हलवत आली. पोरीने पेज मागून खाल्ली होती. रोलरताईने माझ्यासमोर उभे राहून देवाचे आभार मानले आणि तुकडा काढून घेतला.

त्यानंतर तुकडे येतच राहिले. कधी एका फटीत एक, कधी तीन. सगळेच बेड चांगल्या बातमीने रिकामे झाले नाहीत. काही वेळा आया नुसती नकाराने मान हलवी. तेव्हाही रोलरताई तुकडा काढी आणि त्या घरच्या माणसांसाठी मागे. हे सगळे उघड चालले होते. लपवायला जागाच नव्हती.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत, पॅसेज रिकामा असताना, बॉयलरकाका आले. त्यांनी इकडे तिकडे पाहिले. खिशातून एक तुकडा काढला, माझ्या सर्वांत खालच्या फटीत सारला आणि आल्या पावली गेले. तुकड्यावर "पुरुषांचा वॉर्ड, बेड ३१" एवढेच होते. आणि कोपऱ्यात काळ्या तेलाचा अंगठा. त्या लॉन्ड्रीत तसा अंगठा एकाच माणसाचा होता.

रोलरताईने तुकडा पाहिला, अंगठाही पाहिला. कोणाजवळ एक अक्षर बोलली नाही. अकरा दिवस तिने बेड एकतीससाठी मागितले. बाराव्या सकाळी पुरुषांच्या वॉर्डची आया आली आणि तिने मान हलवली. त्या बेडवर काकांचा धाकटा भाऊ होता.

रोलरताईने तुकडा काढला, हातात घट्ट धरला आणि भर कामाच्या वेळी, सगळ्या लॉन्ड्रीच्या मधून चालत, बॉयलरच्या खोलीत गेली. आत काय बोलणे झाले, ते मी पाहिले नाही. मला एवढे ठाऊक आहे की त्या दिवशी वाफेचा दाब पंधरा मिनिटे खाली उतरला होता, रोलर मंदावला होता, आणि कोणीही तक्रार केली नाही.

मग तो शुक्रवार आला. अर्जाचा निकाल लावायला तीन जण लॉन्ड्रीत उतरले. मॅनेजरसाहेब, हॉस्पिटलच्या मेट्रनबाई आणि टिपणे घेणारा एक कारकून. काम थांबवता येत नव्हते आणि आत वाफेत कागद भिजला असता, म्हणून टेबल मांडले ते पॅसेजमध्ये. माझ्यापासून चार हातांवर. माझे दार उघडे होते आणि फटींत सात तुकडे होते.

मॅनेजरसाहेबांनी रोलरताईपुढे एक कागद सरकवला. कामाच्या वेळेत लॉकरचे दार मी बंद ठेवीन, असे त्यावर लिहिले होते. "एवढी सही करा," ते म्हणाले. "अर्ज निकालात निघाला आणि सोमवारपासून तुम्ही मुकादम. मला तुमच्या हाताचं माहीत आहे."

तिने कागद दोनदा वाचला. सुजलेला हात तिने पाठीमागे धरला होता. समोरच्यांना तो दिसत नव्हता, मला दिसत होता.

"सही नाही करता येणार, साहेब."

"अहो, कोणी तुम्हाला देव सोडायला सांगत नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

"माहीत आहे, बाई. दार लावायलाच सांगताय."

"मग?"

"मी कोणाला दाराकडे बघा म्हणत नाही. कोणी बघितलं नाही तर माझा राग नाही. पण मी येशूची आहे. ते झाकून ठेवते अशी सही केली, तर पहिली खोटी सही तीच होईल. मुकादमाचं कामच सहीचं आहे. हे कपडे उकळलेत, हे स्वच्छ आहेत, असं मी लिहिणार आणि त्यावर पेशंट झोपणार. खोट्या सहीनं सुरुवात केलेली बाई तुम्हाला चालेल का?"

कारकुनाचे पेन थांबले.

"पद दुसऱ्याला जाईल," साहेब म्हणाले.

"जाऊ दे, साहेब."

तिने हे शांतपणे म्हटले. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण त्या दोन शब्दांइतका ताठ मी कधी उभा राहिलो नाही.

साहेबांनी नाइलाजाने अर्ज उघडला. सह्या करणाऱ्यांनी समोर येऊन त्या आपल्या असल्याचे सांगायचे असते. पहिले नाव बॉयलरकाकांचे. ते फडक्याला हात पुसत आले.

"सही तुमचीच?"

"माझीच. खोडा ती."

"अशी खोडता येत नाही."

"मग मी खोडतो." त्यांनी कारकुनाच्या हातातले पेन घेतले आणि आपल्या नावावर आडवी रेघ ओढली. "माझा भाऊ गेला. वाचला असता तर तुम्ही म्हणाला असता, म्हातारा विरघळला. तो वाचला नाही, साहेब. माझा देवावर आजही विश्वास नाही. पण त्या अकरा दिवसांत माझ्या भावाची रोज सकाळी आठवण काढणारं इथे दुसरं कोण होतं? आणि हे दार बंद असतं तर मी चिठ्ठी कुठे लावली असती?"

मेट्रनबाईंनी मान वळवून फटींतल्या चिठ्ठ्यांकडे पाहिले. 

"पेन इकडे द्या काका," फिरकी म्हणाली. ती हाक मारायच्या आधीच येऊन उभी राहिली होती. तिने आपले नाव खोडले. "आणि साहेब, मी हिला पाद्रीणबाई म्हणते, ते म्हणत राहणार. तेवढं टिपणात घेऊ नका."

रोलरताईला हसू फुटले. मेट्रनबाईंनाही.

मग एक घड्यावाली आली आणि खोडून गेली. मोजे दाखवणारीनेही खोडले. पाचवी मात्र टेबलापाशी येऊन म्हणाली, "माझी राहू द्या. मला हे पटत नाही." रोलरताई तिला म्हणाली, "राहू दे. तुला वाटतं ते तू उघड सांगितलंस, ते बरं केलंस." ती बाई थोडी गोंधळली आणि कामावर गेली. पुढे दोघींनी अनेक वर्षे एकत्र काम केले. तिचे मत बदलले नाही आणि त्यांचे भांडणही झाले नाही.

एका सहीचा अर्ज नियमात बसत नव्हता. मेट्रनबाईंनी तो बाजूला ठेवला. मग सहीसाठी आणलेला कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि मॅनेजरसाहेबांच्या हातात दिला. "हा आता कशाला लागतोय?" त्या म्हणाल्या. "सोमवारपासून या मुकादम. आणि तो लॉकर इथे वाटेत का उभा केलाय? न्या त्याला जागेवर."

रोलरताई म्हणाली, बेडच्या चिठ्ठ्या घ्यायला सोमवारपासून ती स्वतः आठ वाजता पॅसेजमध्ये येऊन उभी राहील. मुकादमाला तिथे यावेच लागते.

लॉकर हलवताना आधी तो रिकामा करतात, दार बंद करतात, कडी घालतात. नाहीतर दार झुलते आणि उचलणाऱ्याच्या नडगीवर आपटते. त्या दिवशी मला रिकामे न करताच उचलले. दोन वॉर्डबॉय पायांकडून, फिरकी आणि एक घड्यावाली खांद्यांकडून. एक वॉर्डबॉय म्हणाला, "दार लावा कोणीतरी, लागतंय." बॉयलरकाका पुढे झाले. त्यांनी दार लावले नाही. दोन्ही हातांनी ते उघडे धरले आणि माझ्या बाजूने, एकेक पाऊल तिरके टाकत, सगळ्या लॉन्ड्रीतून चालत आले. ड्रमवाले थांबले. रोलरवरच्या बायकांनी वाट करून दिली. सातही चिठ्ठ्या फटींमध्ये फडफडत होत्या आणि क्रूस सगळ्यांच्या समोरून जात होता. असा थाट माझ्या तेवीस भावांपैकी कोणाच्याही वाट्याला आला नाही. सोळा आणि अठरा यांच्यामध्ये मला टेकवले, तेव्हा काका धापा टाकत होते. पण दार त्यांनी नीट सताड उघडून मगच सोडले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या लोखंडाला फार काही लागत नाही. वर्षातून एकदा बिजागऱ्यांना तेल घाला, ओल्या वस्तू कोंडून ठेवू नका, एवढे पुरते. माणसांच्या बाबतीत मात्र थोडी जास्त काळजी घ्या. तुमच्या वर्गात, तुमच्या आळीत कोणी आपला विश्वास न लाजता सांगत असेल, तर तो तुम्हाला पटलाच पाहिजे असे नाही. पण तुमची गैरसोय होते म्हणून त्याला दार लावायला सांगू नका. आणि येशूवर विश्वास ठेवणारे तुम्हीच असाल आणि चारचौघे म्हणतील, "कशाला दाखवता, मनात ठेवा," तर त्यांच्यावर रागावू नका, त्यांचे मोजे ओले होऊ देऊ नका, आणि कडीला हात लावू नका.